फूल, दोन पानं आणि घराचा कागद

मैत्रिणींनो, मागच्या महिन्यात आमच्या घरात एक छोटंसं मतदानच झालं म्हणा ना! मतदार चार : आमचे हे, सासूबाई, सहावीतली आमची लेक आणि मी. विषय होता, गोंदियाच्या बाहेर बालाघाट रस्त्याकडचा एक प्लॉट घ्यायचा की नाही.

प्लॉट दाखवणारे भाऊ संध्याकाळी घरी आले होते. चहा घेता घेता मला म्हणाले, "वहिनी, विदर्भ आज ना उद्या वेगळा होऊनच राहिला. मग नागपूर राजधानी! राजधानी आली का नवी ऑफिसं येतात, ऑफिसं आली का सायब लोक येतात, अन् सायब आले का त्यांना घरं पाहिजेत. मग गोंदियाचे भाव तुम्ही विचारूच नका. आज पन्नास हजार इसार देऊन ठेवा, नाहीतर उद्या म्हणाल, भाऊ, सांगितलं काऊन नाही?"

भाऊ गेले आणि घरात दोन पक्ष पडले. ह्यांचं म्हणणं, घेऊन टाकू. सासूबाईंचं म्हणणं, आधी पोरीच्या शिक्षणाचं बघा. लेकीला नवीन घराला गच्ची असणार का, एवढंच हवं होतं. आणि मी? मी तासिका तत्त्वावर शिकवणारी बाई. माझे पैसे महिन्याच्या महिन्याला येत नाहीत, येतात तेव्हा एकदम येतात, आणि आले की मी ते मुदत ठेवीत टाकते. तीच ठेव मोडायची गोष्ट चालली होती. त्यामुळे मत द्यायच्या आधी मला जरा विचार करावासा वाटला.

भाऊंची साखळी अगदीच खोटी नाही, हे आधी कबूल करते. १ मे १९९९ ला भंडाऱ्यातून फुटून गोंदिया वेगळा जिल्हा झाला, तेव्हा मी शाळेत होते. जिल्हा झाला म्हणजे कलेक्टर आले, जिल्हा परिषद आली, त्यांच्यामागे कर्मचारी आले आणि आमच्या गल्लीतल्या ज्या खोलीला कोणी विचारत नव्हतं तिला भाडेकरू मिळाला. माझे बाबा पुढे कित्येक वर्षं हळहळत, "जिल्हा व्हायच्या आधी प्लॉट घेतला असता तर!" ह्यांच्या मनात तेच असणार. एकदा बस चुकली, आता दुसरी चुकवायची नाही.

पण माझ्या माहेरी ह्याच्या उलट गोष्टही सांगितली जाते. माझे आजोबा नागपूरला सचिवालयात कारकून होते. नागपूर तेव्हा जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली, आपले आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि नागपूरची राजधानी गेली. कोणाला भोपाळची ऑर्डर, कोणाला मुंबईची. आजोबांना मुंबई मिळाली. नोकरी शाबूत राहिली, पण घर कुठे? मुंबईत खोली घ्यायची तर पागडी मोजायची, आणि कारकुनाकडे पागडी कुठून येणार! ते दोन वर्षं एका खानावळीशेजारच्या खोलीत चौघांबरोबर राहिले आणि आजी इकडे गोंदियाला सासऱ्यांच्या घरी. आजी म्हणायची, "राज्य बदललं ते दिल्लीत, अन् चूल फुटली ती माझी." तेव्हा कोणी कोणाला विचारलं नव्हतं, बरं का. फाजल अली आयोगाने १९५५ मध्ये वेगळ्या विदर्भाची शिफारस केली होती, पण झालं दुसरंच. लोकांचं मत मात्र कोणी घेतलं नाही.

मत घेतलं असतं तर? ह्या प्रश्नाचं उत्तर मला मिळालं ते उन्हाळ्याच्या सुट्टीत, गोव्यात.

माझी मावसबहीण फोंड्याला दिली आहे. तिच्या आजेसासूबाईंनी ऐंशी ओलांडली, पण स्मरण असं लख्ख की आपण लाजावं. दुपारी फणसाचे गरे सोलत बसलो होतो. बोलता बोलता मी आमच्या विदर्भाचा विषय काढला. २०१४ च्या जानेवारीत नागपुरात जनमंच ह्या संघटनेने स्वतःच मतपेट्या ठेवून जनमत चाचणी घेतली होती आणि फार मोठं मत वेगळ्या विदर्भाच्या बाजूने पडलं होतं, ते मी सांगितलं. सरकारी मतदान नव्हतं ते, त्यामुळे कागदावर काही बदललं नाही. पुढे राज्याचे महाधिवक्ता श्रीहरी अणे वेगळ्या विदर्भाबद्दल उघड बोलले, त्यावरून गदारोळ झाला आणि मार्च २०१६ मध्ये त्यांनी पद सोडलं.

आजी हसल्या. म्हणाल्या, "अगो बाय, तुमची ती चाचणी. आमचं खरंच झालं होतं."

आणि खरंच झालं होतं. १६ जानेवारी १९६७. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा की केंद्रशासित राहावा, ह्यावर सरकारने रीतसर जनमत कौल घेतला. विलीनीकरणाला चिन्ह फूल, केंद्रशासित राहण्याला दोन पानं. मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर स्वतः विलीनीकरणाच्या बाजूचे. पण खुर्चीवर बसून कौल घेतला तर तो निष्पक्ष कसा, अशी ओरड झाली म्हणून डिसेंबर १९६६ मध्ये त्यांनी राजीनामा दिला आणि राष्ट्रपती राजवट आली. दुसऱ्या बाजूचे पुढारी डॉ. जॅक सिक्वेरा.

आजी तेव्हा बावीस वर्षांच्या, लग्नाला जेमतेम वर्ष झालेलं. सासर फोंड्याचं, सगळे फुलाचे. माहेर मडगावचं, सगळे पानांचे. त्या सांगत होत्या, "सासरे म्हणायचे, आपली पोथी मराठी, कीर्तन मराठी, शाळा मराठी, मग वेगळं राहायचं कशाला? आणि चुलत सासरे दुसऱ्याचं शेत कसायचे. महाराष्ट्रात कुळाला जमीन मिळाली, मग आपल्यालाही मिळेल, ही त्यांची आशा." मुंबई राज्यात कूळ कायदा १९४८ चा, आणि १९५७ च्या कृषक दिनापासून कसणाऱ्याला मालकी मिळू लागली होती, तेव्हा ती आशा काही हवेतली नव्हती.

"आणि माहेरचे?"

"माहेरी भाऊ सरकारी कचेरीत होता. त्याला एकच धास्ती. महाराष्ट्रातून साहेब येतात ते वरच्या खुर्च्यांवर बसतात, आपला माणूस खालीच राहतो. विलीन झालो तर शिपाई सुद्धा तिकडून येईल, म्हणायचा." ही धास्ती त्याच्या एकट्याची नव्हती. महाराष्ट्रातून प्रतिनियुक्तीवर अधिकारी आणले जात होते आणि त्याबद्दल गोव्यात बरीच नाराजी होती. कौलात भाषा गाजली, संस्कृती गाजली. पण घराघरांत दोनच प्रश्न विचारले जात होते : खुर्ची कोणाला मिळणार, आणि जमीन-घर कोणाचं होणार?

संक्रांतीला आजी माहेरी गेल्या तर भावाने विचारलं, "तू फूल की पानं?" सासरी परतल्या तर दिराने विचारलं, "माहेरी काय शिकवून पाठवलं?" भाऊ आणि नवरा पुढे दोन वर्षं एकमेकांशी बोलले नाहीत. त्या दोन वर्षांत आजींना भाऊबीज करता आली नाही. मी विचारलं, "मग तुम्ही मत कोणाला दिलंत?" तर म्हणाल्या, "ते नवऱ्यालाही सांगितलं नाही, तुला सांगते की काय!"

निकाल लागला. गोव्यात दोन पानांना १,७२,१९१ मतं आणि फुलाला १,३८,१७०. फरक ३४,०२१ मतांचा. फोंड्याच्या घरी त्या दिवशी चूल पेटली नाही, मडगावला फटाके वाजले.

आता पुढची गंमत ऐका. कौल हरलेल्या बांदोडकरांचं काय झालं? लोकांना वाटलं, संपलं. पण त्याच वर्षी मार्चमध्ये निवडणूक झाली, त्यांचा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष पुन्हा निवडून आला आणि ते पुन्हा मुख्यमंत्री झाले, ते १९७३ मध्ये निधन होईपर्यंत. त्यांच्यानंतर त्यांची कन्या शशिकला काकोडकर मुख्यमंत्री झाल्या. म्हणजे ज्यांनी फुलाला मत दिलं नाही, त्यांच्यातल्याही कित्येकांनी सरकार फुलवाल्यांचंच निवडलं! आणि चुलत सासऱ्यांना हवा होता तो कायदाही गोवा वेगळा राहूनच आला. कसणाऱ्याला जमिनीची मालकी देणारी दुरुस्ती १९७६ मधली. त्याच्या आधी, १९७५ मध्ये मुंडकार कायदा झाला. मुंडकार म्हणजे भाटकाराच्या जमिनीवर घर बांधून राहणारा. त्याला घरातून हुसकावता येणार नाही, आणि ती घराखालची जागा विकत घेण्याचा हक्कही आहे, असं ह्या कायद्याने ठरवलं. किती बायकांच्या डोक्यावरचं छप्पर त्याने टिकलं असेल!

मी आजींना म्हटलं, "म्हणजे भांडण फुकटच झालं म्हणायचं." त्या म्हणाल्या, "फुकट कसं? गोव्याचं गोवेपण राहिलं. पण आम्ही ज्यावर भांडलो ते एक, आणि आमचं घर वाचलं ते भलत्याच गोष्टीने."

ती गोष्ट अशी. १९८५ च्या सुमाराला आजींच्या यजमानांवर कर्ज झालं होतं. बाहेरगावचा एक गिऱ्हाईक आला. घर रस्त्याला लागून, मागे माडा-पोफळींचं परसू. त्याने रोख भाव सांगितला आणि यजमान कबूल झाले. आजींना कोणी विचारलंच नाही. कागद करायला गेले तेव्हा तिथे सांगण्यात आलं, "बाईंची सही आणा." गोव्यात १८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा, पोर्तुगीज गेले तरी राहिला. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, तर नवरा-बायकोची मालमत्ता दोघांची मिळून धरली जाते आणि बायकोच्या संमतीवाचून नवऱ्याला घर-जमीन विकता येत नाही. मग सगळे घरी आले. सासूने समजावलं, दिराने समजावलं, नवरा तर चार दिवस जेवला नाही. आजी म्हणाल्या, "मी म्हटलं, माझ्या पाटल्या विका, घर नको. सही केली नाही." पाटल्या गेल्या, कर्ज फिटलं, घर राहिलं. आम्ही ज्या ओट्यावर गरे सोलत होतो, तो त्याच घराचा ओटा.

"कौलाच्या वेळी हा कायदा तुम्हाला माहीत होता?" मी विचारलं.

"छे गो! फूल-पानावर रात्र रात्र बोलायचे पुरुष. सहीबद्दल आमच्या घरात कोणी अवाक्षर काढलं नव्हतं."

मैत्रिणींनो, त्या एका वाक्यासाठी हा सगळा लेख लिहिते आहे.

कौल झाला की लोक म्हणतात, आता घराचे भाव चढणार किंवा आता कोसळणार. गोव्यात घरं महाग झाली, ती फुलाने नाही की पानांनी नाही. पर्यटक आले, बाहेरचा पैसा आला, आणि १९८७ मध्ये स्वतंत्र राज्य झालेल्या गोव्यात आज तिथल्याच तरुण जोडप्याला गावात घर घेणं परवडत नाही. बाहेरचे लोक येऊन आपली घरं घेतील, ह्या भीतीने ज्यांनी पानांना मत दिलं, त्यांच्याच वाड्यावरची घरं पुढे बाहेरच्यांनी घेतली. जबरदस्तीने नाही, रीतसर विकत! आजींच्या शेजारची दोन घरं वर्षातले दहा महिने बंद असतात.

परदेशातही हेच. इंग्लंडात २३ जून २०१६ ला युरोपीय संघात राहायचं की बाहेर पडायचं, असा कौल झाला. ५२ टक्के बाहेर, ४८ टक्के आत. घराघरांत बाप-लेकांची भांडणं झाली. कौलाच्या आधी तिथल्या अर्थखात्याने बजावलं होतं की बाहेर पडलात, तर २०१८ पर्यंत घरांच्या किमती एरवी असत्या त्यापेक्षा १० ते १८ टक्क्यांनी कमी राहतील. प्रत्यक्षात देशभराची सरासरी पाहिली तर भाव वाढतच गेले, फक्त लंडनमध्ये थंडावले. पंतप्रधान कॅमेरून यांनी पद सोडलं, आणि त्यांच्या जागी आल्या थेरेसा मे, ज्या स्वतः आत राहण्याच्या बाजूच्या होत्या! खुर्च्यांचं आणि भावांचं भाकीत एवढ्या मोठ्या सरकारला जमलं नाही, ते आपल्या बालाघाट रस्त्यावरच्या भाऊंना कसं जमावं?

सुट्टीहून परत आले आणि ह्यांना म्हटलं, "भाव राहू द्या, आधी कागद बघू." पहिल्यांदा ह्यांना ते रुचलं नाही. "तुझा माझ्यावर भरवसा नाही का?" म्हणाले. मी म्हटलं, "तुमच्यावर आहे हो, कागदावर नाही." मग दोघं मिळून बसलो.

काय काय बघितलं ते सांगते, तुम्हालाही उपयोगी पडेल.

एक, सातबारा. तो आता ऑनलाइनही मिळतो. नाव विकणाऱ्याचंच आहे ना आणि ‘इतर अधिकार’ ह्या रकान्यात बँकेचा बोजा किंवा कुळाची नोंद आहे का, हे बघा. गावठाणातली किंवा शहरातली जागा असेल तर मिळकत पत्रिका मागा.

दोन, भोगवटादार वर्ग एक की दोन? वर्ग दोनची जमीन सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीवाचून विकता येत नाही. आपल्याकडे नझूलच्या जागाही पुष्कळ आहेत, तिथे भाडेपट्ट्याची मुदत विचारा.

तीन, देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगाव ह्या भागात जमीन बघत असाल तर ती आदिवासी बांधवाच्या नावची नाही ना, ह्याची खात्री करा. अशी जमीन बिगर आदिवासीला कलेक्टरच्या मंजुरीशिवाय घेता येत नाही. आणि घेऊ नयेच. कोणाचं घर बुडवून आपलं उभं करायचं नाही.

चार, लेआउटला नगररचनेची मंजुरी आहे का? रंगीत नकाशा म्हणजे मंजुरी नव्हे. जुन्या नोंदींचा शोध वकिलाकडून घ्या. त्यांची फी इसाराच्या मानाने काहीच नाही.

आणि पाच, सगळ्यांत महत्त्वाचं : कागदावर तुमचं नाव. आपण गोव्यात राहत नाही. आपल्याकडे नवऱ्याने स्वतः कमावून घेतलेलं घर विकायला बायकोची सही कायद्याने लागत नाही. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने हिस्सा मिळतो तो त्याच्या माघारी, आणि तोही मुलं आणि सासू यांच्या बरोबरीने. त्याच्या हयातीत आपल्या हातात असतं ते फक्त कागदावरचं नाव. महाराष्ट्रात एप्रिल २०२१ पासून राहतं घर फक्त स्त्रीच्या नावे घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत सुरू झाली. दोघांच्या नावे घेतलं तर ती मिळत नाही. व्यवहाराच्या वेळी काय नियम लागू आहे हे दुय्यम निबंधकांच्या कचेरीत विचारून घ्या. सवलत मिळो न मिळो, नाव मात्र सोडू नका.

तर आमच्या प्लॉटचं काय झालं? सातबाऱ्यावर वर्ग दोन निघाला आणि लेआउटची मंजुरी ‘येऊन राहिली’ होती. भाऊंना मी म्हटलं, "मंजुरी येऊ द्या, मग विदर्भ येवो न येवो, आम्ही विचार करू." ते जरा रागावूनच गेले. हे दोन दिवस गप्प होते. तिसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईच बोलल्या, "सूनबाई बरोबर सांगते. तुझ्या बाबांनी आपलं धानाचं शेत विकलं तेव्हा मी स्वयंपाकघरात होते. मला कळलं ते पेढे वाटले तेव्हा." इतक्या वर्षांत हे त्या कधी बोलल्या नव्हत्या. आमचे हे त्यांच्याकडे नुसते बघतच राहिले. चहा झाल्यावर मला म्हणाले, "पुढे जे काही घेऊ, ते दोघांच्या नावावर. किंवा तुझ्या."

मुदत ठेव आहे तिथे आहे. विदर्भ वेगळा व्हावा की नाही, ह्यावर आमच्या घरात अजूनही दोन पक्ष आहेत आणि ते असू देत. रविवारी पाटवडीचा रस्सा खाताना दोघं भांडतात, मी वाढत असते आणि मध्येच माझंही मत टाकते. भाऊबीज चुकू द्यायची नाही, एवढंच ठरवलं आहे.

तुम्ही मात्र आज एक काम करा. कपाटातली ती फाईल काढा, राहत्या घराचा कागद उघडा आणि वाचा, कोणाचं नाव आहे त्यावर. तुमचं नसेल तर भांडू नका, पण विचारा. आणि काय उत्तर मिळालं ते मला जरूर कळवा.